डाग कुठे आहे ते आधी लिही

प्रिय डॉक्टर,

तुझा हृदयाच्या एमआरआयचा अहवाल वाचला. 'लेट एन्हान्समेंट दिसते, फायब्रोसिसची शक्यता', म्हणजे कॉन्ट्रास्ट दिल्यावर उशिरा उजळणारा डाग आहे आणि तिथे तंतू भरले असावेत, एवढं लिहून तू थांबलीस. मोजमापं नीट घेतली आहेस, पण रुग्णाला पाठवणाऱ्या कार्डिऑलॉजिस्टच्या हाती यातून काही लागत नाही. हृदय मोठं झालंय, पंपिंग कमी झालंय, हे त्याला इकोवरूनच कळलं होतं. स्नायू का बिघडला, हा त्याचा प्रश्न आहे.

गॅडोलिनियम, म्हणजे आपण टोचतो तो कॉन्ट्रास्ट, जिवंत पेशीच्या आत शिरत नाही. पेशींच्या मधल्या जागेत फिरतं आणि निघून जातं. पेशी मरून तिथे तंतू भरले असतील, किंवा मधल्या जागेत दुसरंच काही साचलं असेल, तर तिथे ते जास्त साठतं आणि उशिरा बाहेर पडतं. म्हणून इंजेक्शननंतर दहा-पंधरा मिनिटांनी घेतलेल्या चित्रात निरोगी स्नायू काळा आणि डाग पांढरा दिसतो. डाग कशाने पडला हे त्या पांढऱ्या रंगावरून समजत नाही. ते काढायचं जागेवरून.

धमनी बंद पडली की स्नायू आतल्या थरापासून मरायला लागतो. त्यामुळे इन्फार्क्टचा, म्हणजे रक्त बंद पडून मेलेल्या स्नायूचा, डाग आतल्या कडेला धरूनच असतो आणि एका धमनीच्या हद्दीत राहतो. तुझ्या रुग्णाचा डाग मी पुन्हा पाहिला. तो सेप्टमच्या (खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीच्या) मधोमध रेघेसारखा आहे, आतली कड पूर्ण मोकळी आहे. हा इन्फार्क्ट नाही. डायलेटेड कार्डिओमायोपॅथीत, म्हणजे हृदय फुगून कमजोर होतं त्या आजारात, असा डाग असला तर जीवघेण्या अरिदमियाचा (बिघडलेल्या ठोक्यांचा) धोका वाढतो, म्हणजे तुझ्या त्या एका ओळीवर पुढे डिफिब्रिलेटरची (ठोके बिघडले की झटका देणाऱ्या यंत्राची) चर्चा होऊ शकते. ईसीजीत पीआर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युत संदेश जायला लागणारा वेळ) लांबलाय का, घरात कुणाला तरुणपणी पेसमेकर बसवलाय किंवा कुणी अचानक गेलंय का, हेही विचारून घे. लॅमिन जीनचा आजार पुष्कळदा असाच समोर येतो.

मायोकार्डायटिसमध्ये, म्हणजे हृदयस्नायूच्या दाहात, डाग बाहेरच्या थरात, बहुधा बाजूच्या भिंतीत असतो. पण नुसत्या डागावर ताजा दाह ठरवू नकोस. त्याच्या निदानाचे लेक लुईझ निकष २००९ साली आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. आता टी२ वर सूज आणि टी१ (दोन्ही स्नायूच्या चुंबकीय संकेताची मापं), ईसीव्ही (पेशींबाहेरच्या जागेचं प्रमाण) किंवा लेट एन्हान्समेंटवर इजा, असे दोन्ही पुरावे असले तर निदान भक्कम मानतात. हायपरट्रॉफिकमध्ये (स्नायू जाड होण्याच्या आजारात) डाग जाड झालेल्या भागात आणि उजवं व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) सेप्टमला जुळतं त्या जागी सापडतात. तिथे एपेक्स (हृदयाचं टोक) बघायला विसरू नकोस, इकोत तोच भाग निसटतो. जाडी डायस्टोलच्या (हृदय सैल पडून भरतं त्या वेळेच्या) शेवटी, भिंतीला काटकोनात मोज आणि उजव्या बाजूच्या स्नायूपट्ट्या त्यात धरू नकोस. त्या धरल्या की १३ मिलिमीटरची भिंत १५ ची होते आणि माणसाला नसलेला आजार चिकटतो. सार्कॉइडबद्दल (अवयवांत दाहाच्या गाठी करणाऱ्या आजाराबद्दल) एवढंच सांगतो, ते यातल्या कुणाचंही सोंग घेऊ शकतं.

आकड्यांचं म्हणशील तर, नेटिव्ह, म्हणजे कॉन्ट्रास्टआधीच्या, टी१ ची पुस्तकातली मर्यादा आपल्या यंत्राला लावू नकोस. टेस्ला (चुंबकाची ताकद) बदलला, सीक्वेन्स (चित्र घेण्याची पद्धत) बदलला की आकडा बदलतो; निरोगी माणसांवर काढलेली आपल्याच यंत्राची मर्यादा हवी. टी१ कमी आला तर मात्र कान टवकार, तो लोहामुळे किंवा फॅब्रीमुळे (पेशींत चरबी साचण्याच्या आनुवंशिक आजारामुळे) कमी येतो. लोहासाठी टी२ स्टार हे माप बघ: २० मिलिसेकंदांखाली लोह साचलेलं, १० खाली धोका मोठा. नॉनकॉम्पॅक्शनच्या (हृदयाचा आतला थर जाळीदार राहण्याच्या आजाराच्या) २.३ या गुणोत्तराबद्दल (जाळीदार थर भागिले घट्ट थर) मी स्वतः साशंक आहे. ठणठणीत खेळाडूंमध्येही ते ओलांडलेलं दिसतं, तेव्हा ते लिहिताना हात आखडता घे.

पांढरं दिसलं तर दुसऱ्या प्लेनमध्ये (छेदात) बघ, तरीही शंका राहिली तर फेज एन्कोडिंगची (चित्र टिपण्याच्या एका अक्षाची) दिशा बदलून चित्र पुन्हा घे. खरा डाग जागचा हलत नाही.

आता अमायलॉइड, म्हणजे स्नायूत विकृत प्रथिन साचण्याचा आजार. कॉन्ट्रास्ट दिल्यावर टीआय स्काउटमध्ये (चित्राची योग्य वेळ शोधायच्या चाचणी-चित्रांत) एरवी आधी रक्त काळं होतं, मग स्नायू. अमायलॉइडमध्ये स्नायू रक्ताबरोबर किंवा त्याच्याही आधी काळा होतो. मग टेक्निशियन वेळ बदलून बदलून वैतागतो, 'आज नल होतच नाहीये', म्हणजे स्नायू काळा पडतच नाही, म्हणतो आणि सगळे यंत्राला दोष देतात. अशा वेळी कन्सोलजवळ जाऊन तो स्काउट स्वतः बघ. ईसीव्हीही काढ, त्यासाठी हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) त्याच दिवसाचं घे. निरोगी स्नायूत ईसीव्ही साधारण २५ ते ३० टक्के असतो, अमायलॉइडमध्ये बऱ्याचदा ४० च्या वर जातो. मात्र तो एएल (लाइट चेन या प्रथिनाचा) की ट्रान्सथायरेटिन (दुसऱ्या एका प्रथिनाचा), हे एमआरआयवरून सांगायला जाऊ नकोस. त्यासाठी रक्त-लघवीत मोनोक्लोनल प्रथिनं शोधावी लागतात, लाइट चेन (अँटिबॉडीचे तुकडे) मोजाव्या लागतात, बोन ट्रेसरचा (हाडांत जाणाऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याचा) स्कॅन लागतो. आणि एएल निघाला तर उपचाराला आठवड्यांचाही उशीर परवडत नाही, म्हणून अहवाल टाइप होऊन जायची वाट न बघता पाठवणाऱ्या डॉक्टरला त्याच दुपारी फोन कर.