भुताच्या सिनेमात काम केलं की शिक्का बसतो का?

प्रश्न: माझी मुलगी (वय २०) सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिकांत काम करते. तिला एका लहान भयपटात मुख्य भूमिका मिळतेय. १८ दिवस शूटिंग, मानधन ४०,००० रुपये. घरचे म्हणतात, असल्या सिनेमात गेली की कायमचा शिक्का बसेल. काय करू? – एक आई

उत्तर:
ताई, शिक्का बसतो, हे मी नाकारणार नाही. रामसे बंधूंच्या भयपटांतले राक्षस लोकांना अजून आठवतात. त्यांतल्या नायिकांची नावं किती जणांना सांगता येतील?

पण हॉलिवूडची अभिनेत्री जेमी ली कर्टिस हिचं बघा. १९७८चा ‘हॅलोविन’ हा भयपट तिचा पहिला सिनेमा. खर्च सुमारे सव्वातीन लाख डॉलर, शूटिंग साधारण वीस दिवसांचं. पुढे १९८० या एकाच वर्षात तिचे तीन भयपट आले आणि शिक्का पक्का झाला. तो सैल झाला १९८३च्या एका विनोदी सिनेमामुळे, आणि २०२३ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. तिचे आईवडील दोघंही नामवंत कलाकार होते, हेही लक्षात ठेवा. आपल्या लेकीला ते पाठबळ नाही. म्हणून हा सिनेमा करायला माझी हरकत नाही, मात्र लगेच दुसरा तसलाच घेऊ नये. मधे एखादं नाटक किंवा मालिका, काहीतरी वेगळं हवं.

आपल्याकडचं उदाहरण ‘लपाछपी’चं (२०१७). उसाच्या फडातल्या घरात अडकलेली गरोदर बाई पूजा सावंतने अशी उभी केली की सगळा सिनेमा तिच्या खांद्यावर आहे. २०२१ मध्ये त्याच दिग्दर्शकाने तो हिंदीत ‘छोरी’ नावाने केला, तेव्हा नायिका मात्र दुसरी होती. वाईट वाटतं, पण मुलीला हे आधीच माहीत असू द्या. सिनेमा गाजला म्हणजे आपणही पुढे गेलो, असं नसतं.

मला खरी काळजी कागदाची आहे. तोंडी बोलीवर एकही दिवस सेटवर जाऊ नये. मानधनाचे हप्ते, रात्रीच्या शिफ्टनंतर घरी सोडायची गाडी, अपघात झाल्यास उपचाराचा खर्च आणि अंगप्रदर्शनाचा एकही शॉट लेखी संमतीशिवाय नाही, हे सगळं करारात हवं. भयपटात ‘ऐनवेळी सुचलेला’ आंघोळीचा सीन फार वेळा येतो, म्हणून हे शेवटचं कलम अजिबात सोडू नका. ऑडिशन, कार्ड, पोर्टफोलिओ या नावाखाली कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

किंचाळण्याचे शॉट दिवसाच्या शेवटी ठेवायला सांगा. मोठ्या किंकाळ्या डबिंगमध्येही घेता येतात. गळा एकदा बसला की उरलेले दिवस वाया जातात. मेकअपचं रबर आणि डिंक आधी हातावर लावून बघायचा. रंगीत लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालायच्या नाहीत.

आणि बी.कॉम. सुटता कामा नये. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेच्या अभिनय अभ्यासक्रमाला पदवी लागते. दिल्लीच्या एनएसडी या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी तर लागतेच, शिवाय नाटकांचा अनुभवही विचारतात. तिथे तिच्या एकांकिका उपयोगी पडतील, प्रमाणपत्रं जपून ठेवा.

शूटिंगच्या तारखा परीक्षेवर येत नाहीत ना, हे आजच निर्मात्याला विचारा. कराराचा मसुदा हाती आला की सही करण्याआधी मला पाठवा, आपण ओळ न् ओळ वाचू.