टूर द फ्रान्समध्ये एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते का?

तुमचा प्रश्न असा आहे: "टूर द फ्रान्सच्या एकवीस टप्प्यांपैकी एकही टप्पा न जिंकता कुणी अख्खी शर्यत जिंकू शकतं का? आणि तसं होत असेल, तर टप्पा जिंकणाऱ्याचं रोज एवढं कौतुक कशासाठी?"

हो, जिंकता येते. आजवर आठ जणांनी तशी जिंकली आहे. शेवटचा एगान बेर्नाल, २०१९ साली. त्याची गोष्ट जरा विचित्र आहे, ती शेवटी सांगतो.

आधी हिशेब. टूर ही तीन आठवड्यांची सायकल शर्यत, रोज एक टप्पा. दहावीचा निकाल आठवा. एकाही विषयात पहिली न आलेली मुलगी एकूण बेरजेत वर्गात पहिली येऊ शकते. टूरमध्ये बेरीज गुणांची नसते, वेळेची असते. रोज तुम्हाला किती तास, मिनिटं, सेकंद लागले ते लिहून ठेवतात, आणि तेवीस दिवसांनंतर (त्यात दोन दिवस विश्रांतीचे) ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो विजेता. रोजच्या टप्प्याअखेर ज्याची बेरीज सगळ्यांत कमी असेल, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. टप्पा जिंकणाऱ्याला दहा सेकंदांची सूट मिळते, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार. बाकी, एका घोळक्यात मागेपुढे आलेल्या सगळ्यांना एकच वेळ लावतात. त्यामुळे सपाटीच्या दिवशी पहिला आलेला आणि घोळक्यातला ऐंशीवा यांच्यात कागदोपत्री जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

हा हिशेब कायम असाच होता असंही नाही. १९०३ च्या पहिल्या टूरचा विजेता वेळेच्या बेरजेवरच ठरला. १९०५ ते १९१२ मात्र क्रमांकांची बेरीज करून विजेता ठरवत. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'अवघड आहे' असं आलं असतं. १९१३ पासून पुन्हा घड्याळ आलं, ते आजतागायत.

दहावीची उपमा मात्र इथंच संपते. दहावीला तुमचा पेपर दुसरा कुणी लिहून देत नाही (निदान देऊ नये). टूरमध्ये निम्मा पेपर दुसरेच लिहितात.

त्याचं कारण वारा. शाळेत असताना आम्ही उसाच्या ट्रॉलीमागं सायकल लावायचो. ट्रॉलीच्या आडोशाला गेलं की पाय हलके व्हायचे, आणि ट्रॉली शेताकडं वळली की समोरून कुणीतरी छातीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटायचं. पंचेचाळीसच्या वेगानं जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यातच जाते. त्यामुळे प्रत्येक संघात आठ जण असतात, त्यातला एक जिंकण्यासाठी असतो आणि उरलेले सात त्याच्यासाठी वारा खातात, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणतात, तो मागं पडला तर थांबून त्याला ओढत पुढं नेतात. फ्रेंचमध्ये यांना 'दोमेस्तिक' म्हणतात, म्हणजे शब्दशः घरगडी. टूर सुरू करणारे संपादक आंरी देग्रांज यांनी १९११ साली मोरिस ब्रोको या स्वाराला हिणवण्यासाठी हा शब्द वापरला होता. त्यांना प्रत्येकानं एकट्याच्या जिवावर लढावं असं वाटायचं. शब्द टिकला, त्यातली शिवी गळून पडली.

आता टप्पा कोण जिंकतो आणि पिवळी जर्सीवाला त्याला तो का जिंकू देतो, हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. रस्त्याकडेला उभं राहून कळलं. २०२२ च्या जुलैत मी कामासाठी ग्रनोब्लला होतो. १४ जुलै, फ्रान्सची राष्ट्रीय सुट्टी, आणि त्या दिवशी शर्यत आल्प द्युएझच्या घाटावर संपणार होती. एकवीस वळणांचा तो घाट. आम्ही सकाळीच पायी चढून मधल्या एका वळणावर जागा धरली आणि दुपारपर्यंत उन्हात भाजून निघालो. आधी जाहिरातवाल्यांच्या गाड्यांची मिरवणूक येते, टोप्या आणि खाऊची पाकिटं फेकत. त्यासाठी मोठी माणसं लहान मुलांशी झोंबाझोंबी करतात. मीही केली. मग हेलिकॉप्टरचा आवाज, आणि मग टॉम पिडकॉक एकटा वर आला.

त्याच्या मागून दोघं आले, लुइस मेंजेस आणि क्रिस फ्रूम. पिवळी जर्सी घातलेला योनास विंगेगो अजून खालीच होता, तीनेक मिनिटं मागं. शेजारच्या फ्रेंच काकांना मी माझ्या तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, "हा याचा पाठलाग का करत नाही?" काकांनी खांदे उडवले. पिडकॉक एकूण बेरजेत आधीच इतका मागं होता की त्यानं तीन मिनिटं कमावली काय आणि सहा कमावली काय, विंगेगोचं काही बिघडत नव्हतं. विंगेगोची नजर एकट्या तादेय पोगाचारवर, म्हणजे त्याच्या मुख्य प्रतिस्पर्ध्यावर होती. पोगाचारनं दोनदा जोर लावला, दोन्हीदा हा त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिला. टप्पा गेला पिडकॉकला, पिवळी जर्सी विंगेगोच्या अंगावरच राहिली, आणि दोघंही त्या रात्री खूश होते.

म्हणजे एका रस्त्यावर एकाच वेळी तीन-चार शर्यती चालू असतात. हे एकदा डोक्यात बसलं की तुमचा प्रश्न अर्धा सुटतो.

त्या दिवशी तिसरा आलेला फ्रूम हाच तुमच्या प्रश्नाचा सगळ्यांत स्वच्छ नमुना. २०१३, २०१५, २०१६ या तिन्ही वेळी त्यानं टप्पे जिंकून टूर जिंकली होती. २०१७ ला मात्र एकही टप्पा नाही, आणि तरी पॅरिसमध्ये तो रिगोबेर्तो उरानच्या ५४ सेकंद पुढं होता. पंधराव्या टप्प्यात एका मोठ्या चढाच्या तोंडाशी त्याचं चाक निकामी झालं. पुढं प्रतिस्पर्धी संघानं वेग वाढवलेला. त्याच्या संघातला मिहाउ क्विअत्कोव्स्की थांबला आणि त्यानं स्वतःच्या सायकलचं चाक काढून फ्रूमला दिलं. हा क्विअत्कोव्स्की कुणी ऐरागैरा नव्हे, २०१४ चा जगज्जेता. मग पुढच्या गटात असलेला त्याच संघातला मिकेल लांदा मागं आला आणि त्यानं फ्रूमला ओढत पुन्हा गटात नेऊन सोडलं. त्या चढावर फ्रूम एकटा पडला असता तर ५४ सेकंद कुठल्या कुठं गेले असते.

आता या दोघांच्या पदरात काय पडलं ते बघा. लांदा शेवटी चौथा आला. तिसऱ्या आलेल्या रोमाँ बार्देपेक्षा तीन आठवड्यांच्या बेरजेत एक सेकंद मागं. एक. आणि क्विअत्कोव्स्की मार्सेयच्या एकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायच्या टप्प्यात दुसरा आला, तोही एका सेकंदानं. त्याच टप्प्यात फ्रूम सहा सेकंदांनी तिसरा, म्हणून त्याची टप्प्यांची पाटी कोरीच राहिली. मला विचाराल तर २०१७ ची पिवळी जर्सी तिघांत फाडून वाटायला हवी होती. पण नियम तसा नाही.

चाक देण्याची ही रीत जुनी आहे. १९३४ साली वीस वर्षांच्या रने व्हिएत्तोनं पिरेनीज पर्वतात आपलं चाक संघनायक आंतोनँ मान्य याला दिलं आणि मदतीची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून तो रडला. तो फोटो सायकलवेड्यांच्या घरांत अजून सापडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पाळी आली, तेव्हा पुढं गेलेला व्हिएत्तो उलटा फिरून मान्यकडं आला. मान्यनं टूर जिंकली. व्हिएत्तो पाचवा आला आणि घाटांचा राजा ठरला. (मुंबई-पुणे शर्यतीमुळं हा किताब आपल्याकडं नवा नाही.)

आठ जणांत माझा लाडका मात्र रोजे वाल्कोविआक, १९५६. त्याच्यावर फार अन्याय झालाय. तेव्हा संघ देशांचे आणि फ्रान्सच्या विभागांचे असायचे. हा उत्तर-पूर्व-मध्य अशा एका दुय्यम विभागीय संघातला. सातव्या टप्प्यात, लोरियाँ ते आंजे, एकतीस जणांचा गट निसटला. मोठमोठे स्वार 'धर तू, धर तू' करत एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले आणि तो गट अठरा मिनिटांहून जास्त पुढं गेला. वाल्कोविआकला पिवळी जर्सी मिळाली. पुढं ती त्यानं हातची जाऊ दिली. ती सांभाळायची म्हणजे संघानं रोज घोळक्याच्या पुढं राहून वारा खायचा, आणि त्याच्या संघात तेवढी माणसंच नव्हती. मग आल्प्समध्ये, ग्रनोब्लच्या टप्प्यात, लक्झेंबर्गचा शार्ली गोल हा स्वार टप्पा जिंकून गेला आणि त्याच दिवशी यानं जर्सी परत घेतली. शेवटी सव्वा मिनिटापेक्षा थोड्या जास्त फरकानं जिंकला.

फ्रेंचांना हा विजय पचला नाही. आधीच्या तिन्ही टूर जिंकलेला लुई बोबे त्या वर्षी नव्हता, गट निसटला, नशीब फळफळलं, असं म्हणत राहिले. फ्रेंच भाषेत 'आ ला वाल्को' असा वाक्प्रचारच रूढ झाला: आंधळ्याच्या गायी देव राखतो, त्या चालीचा. बिचारा इतका दुखावला की पुढं बरीच वर्षं त्यानं त्या विजयाविषयी बोलणंच टाळलं. अहो, पण ती तोवरची सगळ्यांत वेगवान टूर होती. आणि त्या गटात आणखी तीस जण होते ना? नशीब एकतीस जणांचं उघडलं होतं, पॅरिसपर्यंत ते पुरवून वापरलं एकानं.

२००६ चा ओस्कार पेरेइरोही असाच, पण त्याची गोष्ट कडवट. पिवळ्या जर्सीचं ओझं काही दिवस दुसऱ्यानं वाहावं म्हणून फ्लॉइड लँडिसच्या संघानं माँतेलिमारच्या टप्प्यात एक गट मुद्दाम जाऊ दिला, जवळजवळ अर्धा तास पुढं. त्यात पेरेइरो होता. लँडिसनं शेवटी टूर जिंकली खरी, पण तो उत्तेजक चाचणीत सापडला आणि विजेतेपद पेरेइरोला मिळालं, तेही पुढच्या वर्षी, कागदावर. पिवळी जर्सी घालून पॅरिसमध्ये हात उंचावायचं त्याचं राहूनच गेलं.

बाकीचे भराभर. फिरमाँ लाम्बो, १९२२: पुढं असलेल्या स्वाराला सायकल बदलल्याबद्दल एक तासाचा दंड झाला आणि हा ३६ व्या वर्षी जिंकला, आजवरचा सगळ्यांत वयस्क विजेता. गास्तोने नेन्चिनी, १९६०: उतारावर वाऱ्यासारखा सुटायचा, त्याच्यामागं उतरण्याच्या नादात रोजे रिव्हिएर दरीत कोसळला आणि त्याची कारकीर्द संपली. लुसियाँ एमार, १९६६: संघातल्या जाक आंकेतिलनं आपल्याला जमत नाही म्हटल्यावर आपला जुना प्रतिस्पर्धी पुलिदोर जिंकू नये एवढ्यासाठी याला मदत केली. ग्रेग लेमाँड, १९९०: पहिल्याच दिवशी चौघांना दहा मिनिटं बहाल झाली होती, ती त्यानं तीन आठवडे कण कण करून वसूल केली आणि शेवटून दुसऱ्या दिवशी जर्सी मिळवली.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, टप्प्याचं कौतुक कशासाठी. टूरला येणाऱ्या बावीस-तेवीस संघांपैकी टूर जिंकायची खरी आशा तीन-चार संघांनाच असते. बाकीच्यांनी तीन आठवडे काय करायचं? एक टप्पा जिंकला की प्रायोजकाचं नाव जगभर दिसतं, पुढच्या वर्षीचा करार होतो, आणि त्या स्वाराच्या नावापुढं 'टूरचा टप्पा-विजेता' हे शब्द जन्मभरासाठी लागतात. मार्क कॅव्हेंडिशनं ३५ टप्पे जिंकले; २०२४ मध्ये त्यानं एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम मोडला. मर्क्सनं पाच वेळा टूर जिंकली, कॅव्हेंडिशनं एकदाही नाही. घाटात तर वेळेच्या मर्यादेत पोचून बाद होण्यापासून वाचणं हीच त्याची लढाई असायची. तरी सायकलिंगच्या इतिहासात त्याची जागा वाल्कोविआकच्या वर आहे की खाली, यावर वाद घालायला मी केव्हाही तयार आहे.

राहिला बेर्नाल. २६ जुलै २०१९, एकोणिसावा टप्पा. कोलंबियाचा हा बावीस वर्षांचा पोरगा २७७० मीटर उंचीच्या इझराँ खिंडीवर सगळ्यांच्या पुढं, एकटा पोचला. पिवळी जर्सी घातलेला झुलियाँ आलाफिलिप मागं पडला होता. बेर्नाल उताराला लागला आणि पुढं गारपीट झाली, दरड कोसळली, रस्ता चिखलाखाली गेला. उतारावरच गाड्यांनी स्वारांना गाठून शर्यत थांबवली. खिंडीच्या माथ्यावरचा वेळ धरून बेरीज केली, त्यात बेर्नाल पहिला आला आणि दोन दिवसांनी टूर जिंकला. पण टप्प्याची शेवटची रेषा कुणीच ओलांडली नव्हती, म्हणून निकालात त्या दिवसाच्या टप्पा-विजेत्याची जागा कोरी आहे.