गारांचे पोचे राहू द्या

प्रश्न : काका, सोलापूर–धुळे हायवेला बीडजवळ आम्ही चहा-नाष्ट्याचं दुकान टाकायलोय. त्यासाठी भावानं मुंबईच्या भंगारातून जुनी चंदेरी अमेरिकन कारवाँ आणली. दाराजवळ ‘एअरस्ट्रीम’ची पाटी आहे. मार्चमधल्या गारपिटीनं टप पार सीताफळासारखा झालाय. वर ट्रॅक्टरनं मागं घेताना चिंचेला धडकली. बाजूच्या सपाट भागाला परातीएवढा पोचा, मधोमध दुमड, आणि पाऊस आला की तिथून पाणी आत. गॅरेजवाला म्हणायलाय, गॅसनं तापवून ठोकू, लांबी (पुट्टी) भरू, पेंट मारू. सोळा हजार मागतो. देऊ का?
— एक वाचक, बीड

उत्तर : ताई, आधी त्या गॅरेजवाल्याच्या हातातला गॅसचा टॉर्च काढून घ्या.

चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपात बॉडी सेक्शनला माझी सव्वीस वर्षं गेली. तेव्हा लाल गाडीची बॉडी ॲल्युमिनियमचीच असायची. लोखंड तापलं की लाल होतं, माणूस सावध होतो. आपलं जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, तसं सांगत नाही. ६६० अंशांच्या आसपास वितळतं आणि तोवर रंग तोच. उमेदवारीत एका ओळखीच्या गॅरेजात मी असाच टॉर्च धरला होता. पत्रा तसाच चंदेरी दिसत होता, आणि बघता बघता भाकरीएवढं भोक! मालकानं तो तुकडा वर्षभर खिळ्याला टांगून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

तुमचा पत्रा तर भांड्याच्या जर्मनचाही नाही. जुन्या एअरस्ट्रीमला विमानाच्या जातीचा पत्रा असतो, २०२४-टी३ नावाच्या मिश्रधातूचा, जेमतेम ०.८ मिलीमीटर जाड. कारखान्यात उष्णता देऊनच त्याला कडक केलेलं असतं, गॅस लावला की तो कडकपणा गेला. वर शुद्ध ॲल्युमिनियमचा बारीकसा थर असतो, गंजापासून राखणारा. म्हणून ग्राइंडर आणि पॉलिश पेपरही लांब ठेवा.

लांबीचं म्हणाल तर ॲल्युमिनियम उन्हात लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. सहा मीटर पत्रा तीस अंशांच्या फरकानं चार मिलीमीटर वाढतो. बीडच्या मे महिन्यात दुपार ते पहाट एवढा फरक उन्हातल्या पत्र्याला सहज पडतो. लांबी किती दिवस धरेल, तुम्हीच सांगा.

आता काम. ते आतूनच करायचं. आतल्या पत्र्याच्या रिव्हेटांची फक्त डोकी ड्रिल करा, उरलेलं पंचानं ढकला. भोक मोठं झालं तर १/८ इंचीऐवजी ५/३२ चा रिव्हेट बसतो. मधे जुनं ग्लासवूल निघेल, बहुधा उंदरांच्या घरट्यांसकट. तोंडाला रुमाल नव्हे, चांगला मास्क लावा.

भावाला बाहेरून वाळूची घट्ट पिशवी पोच्यावर दाबून धरायला सांगा. तुम्ही आतून नायलॉनचा किंवा लाकडी हातोडा घ्या. सुरुवात कडेपासून. हलक्या हातानं गोल गोल फिरत मध्याकडे या. सगळे इथंच चुकतात, पहिला ठोका खोलगटात घालतात. तिथला पत्रा आधीच ताणलेला असतो, तो आणखी ताणला की गोड्या तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टॉक-टॉक आत-बाहेर करत बसतो. मग तो कुणाच्या बापाला जाग्यावर येत नाही. ऐंशी टक्के आला की हात थांबवा.

दुमड मात्र सपाट करायच्या नादी लागू नका. तिथं धातू कडक झालेला असतो, ठोकला की चिरतो. दुमडीवरून नख फिरवा. अडकलं तर चीर पडलीच आहे. मग त्याच जातीच्या पत्र्याचं ठिगळ घ्या, कोपरे गोल कापा, वरची कड वरच्या पत्र्याच्या खाली सरकवा, म्हणजे पाणी कौलावरून उतरावं तसं उतरेल. मधे पॉलियुरेथेन सीलंट भरा, सिलिकॉन नको, त्यावर पुढं काहीच चिकटत नाही. भरीव रिव्हेटाला दोघं लागतात, बाहेर गनवाला, आत लोखंडी ठोकळा धरणारा. माणूस नसेल तर ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट चालतील. पण साधा लोखंडी स्क्रू एकही नको. ओल लागली की त्याच्याभोवती पत्रा पांढरी भुकटी होऊन झडतो.

टपाचे पोचे तसेच ठेवा. ते काढायला सगळं छत उतरवावं लागेल, आणि पुढच्या मार्चला गारा परत आल्या तर? फक्त तिथले रिव्हेट ढिले झालेत का, बोटानं तपासा.

शेवटी भावाला बॅटरी देऊन आत बसवा आणि नळाचा पाइप बाहेरून खालून वर चढवत न्या. वरून सोडलात तर सगळंच गळतंय असं वाटेल.