निवृत्तीनंतर गोपनीय फाइल पाहण्याचा अधिकार उरतो का?

आपण विचारले आहे की, ज्या अधिकाऱ्याने एखादी गोपनीय फाइल स्वतः हाताळली, त्याला निवृत्तीनंतर ती पुन्हा पाहता येते का, आणि येत नसल्यास त्याला रोखतो कोण. येत नाही, कारण तो अधिकार पदाचा असतो आणि अधिकारी कार्यमुक्त होताच तो संपतो. शासकीय गुपिते अधिनियम, 1923 च्या कलम 5 मध्ये पदावर असलेले आणि पूर्वी पदावर असलेले असे दोघेही येतात, आणि हक्क नसताना गुप्त कागद जवळ ठेवून घेणे हासुद्धा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गुप्तचर व सुरक्षा संघटनांतून निवृत्त झालेल्यांना तर केंद्राने निवृत्तिवेतन नियमांतील 31 मे 2021 च्या दुरुस्तीने संघटनेच्या कामकाजाविषयी पूर्वपरवानगीशिवाय काही प्रसिद्ध करण्यास मनाई केली.

रोखतो कोण, हा प्रश्न मात्र कायद्यापेक्षा कारकुनाच्या टेबलावरचा आहे. मी दक्षिण मुंबईतील एका शासकीय कार्यालयात होतो. एके दुपारी आमचे जुने साहेब आले. सगळे उभे राहिले, चहा आला, आणि ‘टिप्पणी माझीच आहे हो, फक्त तारीख बघायची आहे’ असे ते म्हणताच मी कपाटाची किल्ली फिरवली. फाइल त्यांनी दहा मिनिटांत परत दिली, पण हालचाल नोंदवहीत त्या दहा मिनिटांचा पत्ता नाही, आणि ती नोंद न करणारा मीच.

अमेरिकेतही, जेथे माजी उच्चपदस्थांना अटींवर जुने दस्तऐवज दाखवण्याची सोय आहे, माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार सँडी बर्गर यांनी 2003 मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारातून गुप्त प्रती बाहेर नेल्या. कर्मचाऱ्यांना संशय आला, तेव्हा त्यांनी पुढच्या भेटीत कागदांवर खुणेचे आकडे घातले आणि कमी भरलेले कागद उघडे पडले. 2005 मध्ये न्यायालयाने बर्गर यांना 50,000 डॉलर दंड ठोठावला. खुणेचे आकडे घालणे, एवढेच आम्हीही करू शकलो असतो.

माजी अधिकाऱ्याला जुना निर्णय तपासायचाच असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली इतरांसारखा अर्ज करावा. लोकहित वरचढ ठरल्यास कलम 8(2) नुसार गोपनीय माहितीही देता येते. साहेब पुन्हा आले, तेव्हा मी चहा मागवला, अर्जाचा नमुना पुढे ठेवला आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा लागेल, असे सांगितले.