तांब्या सपाट का दिसतो?

प्रश्न : मुलगी एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेच्या तयारीसाठी घरी वस्तुचित्रं काढते. पितळी तांब्याचं शेडिंग तासतासभर घोटते, तरी तो पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. कुठे चुकतंय?
– एक पालक, परळ

उत्तर : शेडिंग बहुधा ठीक असेल, घोटाळा बाह्यरेषेत आहे. काठापासून बुडापर्यंत एकाच जाडीची, एकसारखी काळी रेषा फिरवली की आतल्या छटा कितीही घोटा, तांब्या वळत नाही. खऱ्या तांब्याभोवती अशी रेषा नसतेच. दोन छटा भेटतात तिथे कड दिसते, आणि ती जागोजागी वेगळी असते.

तांब्या समोर ठेवून डोळे किलकिले करून बघायला सांगा. काठाशी पत्रा एकदम संपतो, म्हणून तिथे कड धारदार. पोटाचा फुगवटा हळूहळू मागे वळतो, तिथे मऊ. उजेडाकडची बाजू मागच्या भिंतीइतकीच उजळ असेल, तर कड जवळपास हरवते. ती खुशाल हरवू द्यावी, डोळा तेवढा आकार आपणच पुरा करतो. पोटावर उजेड संपून सावली सुरू होते ती सीमा सगळ्यात मऊ, आणि मुलं नेमकी तिथेच पट्टीने आखल्यासारखी रेघ ओढतात.

आराखडा एचबी पेन्सिलने, हलक्या हाताने काढून मग रबराने जेमतेम दिसेल इतका पुसट करावा. सावली जास्त मऊ, गडद अशी ४बी पेन्सिल आडवी धरून, फुगवट्याच्या वळणाने भरावी आणि मऊ कडेशी शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरात दाब कमी करत न्यावा. धारदार कडा सगळ्यात शेवटी, टोक काढलेल्या २बीने, आणि त्याही तीनच ठिकाणी: काठाची पुढची बाजू, गळ्याची खाच, बूड टेबलाला टेकतं ती जागा. पडछायाही बुडाशी गडद आणि धारदार असते, लांब जाते तशी विरत जाते. शेवटपर्यंत कापीव ठेवली तर टेबलावर काळा कागद पडल्यासारखी वाटते.

खरं तर सुरुवातीला पितळ नकोच. घासलेल्या भांड्यावर चकाकीच्याही कडा कापल्यासारख्या असतात, त्यात खिडकीचं प्रतिबिंब. संक्रांतीचं सुगड घ्या. छतावरची ट्यूब बंद करून डावीकडून एकच उजेड ठेवा. ट्यूब आणि खिडकी दोन्हीकडून उजेड आला की दोन पडछाया पडतात आणि कोणती कड मऊ ते कळेनासं होतं.

प्रश्न : मऊ कडेसाठी बोटाने घासतो, पण चित्र धुरकट होतं. पावसाळ्यात तर जास्तच.
– नववीतला विद्यार्थी, गिरगाव

उत्तर : बोटाचा घाम आणि तेल ग्रॅफाइटमध्ये मिसळतं, कागदाच्या दाण्यातले पांढरे ठिपके बुजतात आणि मग रबरही चालत नाही. मऊ कड घासून नाही, दाब कमी करत आण. पेपर स्टंप (छटा मिसळायची कागदाची घट्ट गुंडाळी) वापरलास तर छटेच्या आतच फिरव, कडेवरून आडवा नेऊ नकोस, नाहीतर काळं पांढऱ्यात ओढलं जातं. पावसाळ्यात कागद दमट असतो. पेन्सिल दाबली की खळगा पडतो आणि जोरात खोडलं की लव निघते. ड्रॉइंग पेपर पुठ्ठ्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, काढताना तळहाताखाली कोरा कागद घे, आणि पुसताना मळता येणारा रबर नुसता टेकवून उचल.

प्रश्न : गेटवेचं स्केच पेनने करते. पेनने मऊ कड कशी दाखवायची?
– एक वाचक, माझगाव

उत्तर : रेषा तोडून. दुपारनंतर शहराकडच्या बाजूवर ऊन असतं, तेव्हा उन्हातल्या भिंतीची कड मध्येमध्ये सोडून द्या, नुसते ठिपके पुरतात. कमानीच्या आत हॅचिंग करा, म्हणजे जवळजवळ समांतर रेघा ओढून सावली भरा. त्याच्या रेघा जिथे थांबतात तीच कड, तिथे वेगळी बाह्यरेषा ओढू नका. जवळच्या दगडाला ०.५ मिमी टोकाचं पेन, मागच्या बोटींना ०.१ चं. क्षितिजाची रेषा मात्र सलग नको, कमानीजवळ येताच ती थांबवा, नाहीतर समुद्र इमारतीला चिकटतो.