गावात एड्सबद्दल सांगणारे स्वयंसेवक दोन दिवसांच्या शिबिरात तयार होतात का? आणि भीती दाखवावी का?

तुम्ही विचारलंय की ४० गावांतून प्रत्येकी एक स्वयंसेवक घेऊन शिबिर भरवायचं आहे, दोन दिवस पुरतील का, आणि माहितीसोबत "थोडी भीती" घालावी का. भीतीचं आधी घेतो, कारण या एका मुद्द्यावर मी शिबिरं घेणाऱ्या कितीतरी लोकांशी हुज्जत घालून दमलोय.

भीती अजिबात नको. कवटी नको, सापळा नको, "एड्स म्हणजे मृत्यू" तर नकोच. असा फलक पाहून ज्याला स्वतःबद्दल शंका आहे तो गप्प घरी बसतो, आणि ज्याला काहीच धोका नाही तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. शिवाय ते खोटंही आहे. १९९६ पासून तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार रुळला. आज वेळेत निदान झालेला, रोज गोळी घेणारा माणूस जवळपास इतरांइतकंच जगतो. औषधानं रक्तातला एड्सचा विषाणू (एचआयव्ही) इतका दबला की तो चाचणीत सापडत नाही, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'पार्टनर' अभ्यासात अशा जोडप्यांमध्ये कंडोमशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध आले, आणि उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. हे वाक्य तुमच्या स्वयंसेवकाला तोंडपाठ नसेल तर तो जुनाच कागद वाचून दाखवतोय.

आता शिबिरात काय करायचं. व्याख्यान शक्य तितकं कमी. पेल्यांचा खेळ घ्या. पण तो बहुतेक ठिकाणी चुकीचा घेतला जातो, म्हणून नीट सांगतो.

२० जण, २० पारदर्शक पेले, प्रत्येकात अर्ध्याच्याही आत पाणी. एकाच पेल्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा विरघळवलेला. सोडा म्हणजे विषाणू, पाण्याची देवघेव म्हणजे संबंध. खाण्याचा सोडा घेऊ नका, तीनदा पातळ झाल्यावर त्याचा रंग नीट उठत नाही. पाणी क्षार काढलेलं हवं. विहिरीच्या जड पाण्यात सोडा टाकला की ते गढुळतं आणि "तो" पेला खेळ सुरू व्हायच्या आधीच ओळखू येतो. हळद पाण्यात कालवू नका, तळाशी बसते. चमचाभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये ढवळून वरचं पिवळं पाणी ड्रॉपरमध्ये भरून ठेवा. कुणीही पेला तोंडाला लावायचा नाही, हे आधी बजावा.

मग प्रत्येकानं एक जोडीदार गाठायचा, आपलं सगळं पाणी त्याच्या पेल्यात ओतायचं आणि अर्धं परत घ्यायचं. अशा तीन फेऱ्या. वीसपैकी कुणाही दोघांच्या पेल्यावर सुरुवातीपासून झाकण, हे धोका टाळणारे, त्यांनी फिरायचं पण ओतायचं नाही. शेवटी प्रत्येक पेल्यात हळदीचे दोन-तीन थेंब. एका पेल्यापासून पहिल्या फेरीत दोन, दुसरीत चार, तिसरीत आठपर्यंत पेले लाल होतात. झाकणवाले पिवळेच राहतात.

आणि इथंच गडबड होते. लाल पेला हातात असलेल्या बाईकडे बघून मागून कुणीतरी फिदीफिदी हसतो, आणि प्रश्न येतो, "सुरुवात कुणी केली?" शिबिर घेणारा हौसेनं शोधायला लागतो आणि अख्खी खोली पोलीस होते. तुम्ही उलट करा. सोड्याचा पेला स्वतःच्या हातात ठेवून खेळात उतरा, आणि प्रश्न आला की सांगा, "माझ्यापासून. आणि मला ते माहीत नव्हतं." मग लाल पेलेवाल्यांना विचारा, हे बाहेरून ओळखता आलं का? तपासणीला जावंसं वाटेल का? कुणाला सांगाल? अर्धा तास या प्रश्नांना द्या, खेळ फक्त निमित्त आहे.

या खेळाचा एक खोटेपणा तुम्हीच बोलून दाखवायला हवा. इथं प्रत्येक देवघेवीत लागण होते. प्रत्यक्षात एका संबंधातला धोका खूप कमी असतो, तो वारंवारतेनं आणि गुप्तरोगाच्या जखमांनी वाढतो. आणखी एक मोह टाळा. लाल पाण्यात लिंबू पिळलं की ते पुन्हा पिवळं होतं. काही जण "हे बघा औषध" म्हणून ते करून दाखवतात. बघणारा शिकतो की रोग बरा झाला, आता गोळी बंद. असं अजिबात करू नका.

शंकांसाठी चिठ्ठ्या. सगळ्यांना एकाच रंगाचा कागद, एकच पेन, आणि प्रत्येकानं काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर "प्रश्न नाही" लिहायचं. नाहीतर कोण लिहितंय हे सगळे बघतात आणि पेटी रिकामी येते. डासाचा प्रश्न येणारच. "डासानं एड्स होत नाही" एवढ्यावर गावात भागत नाही. कुणीतरी विचारतंच, "का नाही? रक्तच तर पितो!" डास आधी प्यालेलं रक्त पुढच्याला टोचत नाही, लाळ सोडतो. आणि हा विषाणू डासाच्या पोटात वाढतच नाही, पचून जातो. प्रत्येक "नाही"मागचा असा एक "का" स्वयंसेवकाला ठाऊक हवा. आकडे थोडेच द्या, पण पक्के. काहीच उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के, वेळेत औषध असेल तर पाच टक्क्यांच्या आत. धोक्याचा प्रसंग घडला तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठायचा, औषध २८ दिवस. झटपट निकाल देणारी रॅपिड चाचणी प्रसंगानंतर दुसऱ्याच दिवशी निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करायची.

कंडोमचं प्रात्यक्षिक बायका आणि पुरुष वेगळे बसवून, लाकडी मॉडेलवर. अंगठ्यावर किंवा काठीवर दाखवू नका, लोक दाखवलं तसंच करतात. माणशी तीन नग धरा. तारीख बघणं, पाकीट दाबून आत हवा आहे का बघणं, दातानं न फाडणं, टोक चिमटीत धरून मुळापर्यंत उलगडणं. उलटा लागला तर फिरवून वापरायचा नाही, दुसरा घ्यायचा. तेल किंवा व्हॅसलीन लावलं की रबर कमकुवत होऊन फाटतं. काढताना कडा धरायची. हे प्रत्येकानं स्वतः करून, मोठ्यानं बोलत दाखवलं पाहिजे. जो इथं लाजून हसतो तो गावात मुका होतो.

गोपनीयतेवर शपथ देऊन काही होत नाही, सराव लागतो. स्वयंसेविकेला तिची नणंद विचारते, "वहिनी, ती दवाखान्यात कशाला आली होती गं?" नवी स्वयंसेविका म्हणते, "ते मी नाही सांगू शकत." झालं, सांगितलंच की! बरोबर उत्तर, "मी कुणाचंच सांगत नाही, उद्या तुमचंही सांगणार नाही." आणि हे साध्या तापाच्या वेळीही म्हणायचं, नाहीतर फक्त एकाच आजाराला गप्प बसणं हाच इशारा होतो. जोड्या लावून दहा वेळा म्हणून घ्या.

दोन दिवसांचं म्हणाल तर नाही पुरत. तीन दिवस, महिन्याभरानं एक दिवस, आणि पुढे दरमहा दोन तासांची बैठक. जमणारच नसेल तर दोन दिवसांचं शिबिर करा पण महिन्यानंतरचा दिवस सोडू नका, खरे प्रश्न तेव्हाच घेऊन येतात. ४० जण एका खोलीत नको, वीस-वीस जणांच्या तुकड्या करा. गावात एकटा स्वयंसेवकही नको, एक बाई आणि एक पुरुष अशी जोडी हवी. निवड पुढाऱ्याला विचारून करू नका. "अडचणीची गोष्ट कुणापाशी बोलता?" असं चार घरी विचारा, तेच नाव पुन्हा आलं की तो माणूस तुमचा.

एचआयव्हीसह जगणारं कुणी स्वतःहून बोलायला तयार असेल तर त्यांचा एक तास माझ्या सगळ्या खेळांपेक्षा मोठा. पण स्वतःहून, आणि त्यांच्याच गावाच्या तुकडीसमोर नको. चाचणी कुठे होते, कोणत्या दिवशी, किती वेळ लागतो, हे जवळच्या आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन बघून या आणि स्वयंसेवकांनाही एकदा तिथं न्या. दार कुठल्या बाजूला आहे हे ज्याला माहीत नाही, त्याच्या सांगण्यावरून कुणी तिथं जात नाही.