१०० बेसचे डझनभर वेगवेगळे डीएनए ओलिगो (कृत्रिमरीत्या बनवलेले छोटे डीएनए तुकडे) हवेत: कॉलम, चिप की एन्झाइम पद्धत?

कॉलमवरची फॉस्फोरॅमिडाइट पद्धतच (रसायनांनी एकेक बेस जोडत जाणारी) घ्या, आणि ऑर्डर देताना पेज (PAGE) शुद्धीकरण, म्हणजे जेलमधून लांबीनुसार तुकडे वेगळे करणं, मागा. कारण साधं गणित आहे. १०० बेससाठी ९९ जोडण्या लागतात. प्रत्येक जोडणी ९९.५ टक्के यशस्वी झाली तरी पूर्ण लांबीचे रेणू जेमतेम ६१ टक्के मिळतात, आणि ९९ टक्क्यांवर घसरली तर ३७. ९९.५ टक्क्यांनीच २० बेसच्या प्रायमरला (पीसीआरची सुरुवात करून देणारा छोटा तुकडा) ९१ टक्के येतं, म्हणून साध्या पीसीआरला नुसतं डिसॉल्टिंग (क्षार काढून टाकणं) चालतं. तिथे शुद्धीकरणावर पैसे घालवू नका. संश्लेषण ३' कडून ५' कडे होत असल्याने अर्धवट तुकड्यांचं ५' टोक गायब असतं. क्लोनिंगसाठी कट साइट (एन्झाइमने कापायची जागा) त्याच टोकाला ठेवली असेल तर फटका नेमका तिथे बसतो.

चिपचा (एकाच पृष्ठभागावर अनेक ओलिगो एकदम बनवणारी पद्धत) विचार हजारो अनुक्रम एकदम हवे असतील तेव्हा, उदाहरणार्थ गाइड आरएनए (क्रिस्परला लक्ष्य दाखवणारे आरएनए) लायब्ररी. प्रत्येक ओलिगो अत्यल्प आणि सगळे एकाच नळीत मिसळलेले येतात, त्यामुळे दोन्ही टोकांना प्रायमरच्या जागा ठेवून आधी पीसीआरने वाढवावे लागतात. डझनभरासाठी हा उपद्व्याप कशाला?

टीडीटी एन्झाइमची (साच्याशिवाय डीएनएला बेस जोडणारं एन्झाइम) पद्धत पाण्यात चालते. दर फेरीला आम्ल लागत नसल्याने प्युरिन (ए आणि जी बेस) गळण्याचा त्रास टळतो, म्हणून २०० बेसच्या पुढे ती जरूर तपासा; मात्र रासायनिक बदलांचे पर्याय तिथे कमी मिळतात.

एक लक्षात ठेवा: पेज आखूड तुकडे काढतं, मधला चुकीचा बेस नाही. क्लोन केल्यावर काही जिवाणूंच्या वसाहती सिक्वेन्स कराव्याच लागतील.